भिंतीकडे तोंड करून

बास्केटबॉलच्या सामन्याला जाऊन मैदानाकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं थोर की तो माझाच घरमालक निघाला.

बँकेने माझी बदली तंजावूरला केली तेव्हा कराडला आमच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं होतं. "तिथे मराठी बोलणारं कोणी भेटेल का गं?" असं आई दहादा म्हणाली. भेटलं की! राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रुजलेली. त्यातल्याच एका घराच्या वरच्या मजल्यावर मला जागा मिळाली. त्या भागात दर दुसरा पुरुष राव, त्यामुळे नुसतं राव म्हणून कोणाचाच पत्ता लागत नाही. आमचे घरमालक मात्र 'राव सार', म्हणजे तमिळ उच्चारातले 'सर'. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण 'सार' काही निवृत्त झालं नाही. बुटकेसे, कडक वेष्टी, म्हणजे तिकडचं पांढरं धोतर, खिशात दोन पेनं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्याने अर्ज चुकीच्या नमुन्यात भरलाय.

त्यांचं मराठी ऐकून मी पहिले आठ दिवस गालातल्या गालात हसत होते. 'मला'च्या जागी 'मज', 'झालं'च्या जागी 'जाहलं', आणि सूर सगळा तमिळ. जुन्या दस्तऐवजाने तोंड उघडून बोलावं तसं वाटायचं. नंतर माझ्याच तोंडात 'जाहलं' बसलं आणि कराडला सगळे मला हसायला लागले, ते वेगळं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्हांस बास्केटबॉल कळतें का?"

भाडं नाही, पाणी नाही, एकदम बास्केटबॉल! मी म्हटलं, "नाही बाई, अजिबात नाही."

"बरें जाहलें. दिसतें तें सांगाल. कळणारीं माणसें आपलें मत सांगत बसतात."

म्हणजे काय, ते मला शनिवारी कळलं. गावात एका खासगी बस कंपनीचा संघ होता. कंपनी काढणाऱ्या म्हाताऱ्या मालकांना या खेळाचं वेड, म्हणून त्यांनी संघ उभा केला, गल्लीमागच्या मैदानात सिमेंटचं कोर्ट बांधलं, दिवे लावले. संघातली मुलं कंपनीतच कंडक्टर, तिकीट चेकर, डेपोतले कारकून. दिवसभर कुंभकोणम्‌च्या बसमध्ये उभं राहायचं आणि संध्याकाळी येऊन उड्या मारायच्या. साहजिकच हरायचे. नुसते हरायचे नाहीत, सातत्याने, शिस्तीत, वेळेवर हरायचे. राव सार म्हणायचे, "हरणें ही एक कला आहे, मान्य. पण तिचा इतका रियाज कशासाठीं?"

त्या शनिवारी ते सायकलला घडीची लोखंडी खुर्ची बांधून निघाले. मला म्हणाले, "चला." मी गेले. कोर्टच्या कडेला पायऱ्यांवर माणसं बसलेली, मुलांच्या आया, डेपोतले लोक, द्रोणातलं सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले चणे, खात. सारांनी खुर्ची उघडली आणि कोर्टकडे सरळ पाठ करून बसले. समोर कंपाउंडची भिंत. भिंतीवर बनियनची रंगवलेली जाहिरात: मिशीवाला, छाती फुगवलेला एक माणूस, रंगाचे पोपडे उडून निम्मा झालेला. सार त्याच्याकडे बघत हाताची घडी घालून बसले. मला शेजारच्या पायरीवर बसवलं, कोर्टकडे तोंड करून.

शिट्टी झाली. "हं, सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"काय दिसतें तें!"

"एक उंच मुलगा बॉल घेऊन पळतोय."

"उंच मुलगा म्हणजे कोण? लग्न जमवायचें आहे काय त्याचें? नंबर सांगा!"

अशी माझी नोकरी सुरू झाली. बँकेतली वेगळी, ही वेगळी, आणि दुसरीत पगार नव्हता. शिव्या मात्र भरपूर. त्या मला नसायच्या, संघाला असायच्या. शेजारी मुलांच्या आया बसलेल्या, म्हणून सार सगळा संताप मराठीतून काढायचे. सोपा बॉल सोडला की, "अय्यो, हा हात आहे का ताटवाढप्याची पळी!" फाउलनंतर मिळालेला फुकटचा नेम चुकला की हमखास, "अहो, हें म्हणजे सरकारनें घरीं आणून दिलेलें पेन्शन! तेंही घेतां येत नाही ह्यांस!" आणि आयांकडे वळून गोड हसून तमिळमध्ये म्हणायचे, "छान खेळतात हं मुलं."

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की माझ्या सांगण्याआधीच त्यांना निम्मं कळतं. बॉल कड्यावर कसा आपटला त्यावरून तो आत जाणार की बाहेर, हे ते सांगायचे. कुठला मुलगा पळतोय ते बुटांवरून ओळखायचे. आठ नंबर त्यांचा लाडका. त्याचा डावा बूट वळताना सिमेंटवर चर्रर्र करतो म्हणे. मी कान देऊन ऐकलं, खरंच करत होता. मग मी चिडून विचारलं, "सार, एवढं सगळं ऐकू येतं, तर एकदा वळून बघत का नाही?"

त्यांनी खुर्ची आणखी भिंतीकडे सरकवली. उत्तर मला घरी गेल्यावर अक्कांनी दिलं. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते, मीही म्हणायला लागले.

"त्यांची दृष्ट लागते," अक्का डाळ निवडत म्हणाल्या, म्हणजे 'आज पाणी उशिरा आलं' अशा सुरात. "लहानपणापासून. मामाच्या घरीं नवी वीणा आणली होती, हे म्हणाले 'किती सुरेख', आणि संध्याकाळीं तिचा भोपळा चिरला. मग एका लग्नांत पायसाच्या पातेल्याकडे पाहिलें, तें उलटलें. मग सासूबाईंनीं सांगून टाकलें, तुज जें आवडतें त्याकडे पाहूं नको."

"आणि ते ऐकलं त्यांनी?"

"हेडक्लार्क आहेत ना," अक्का म्हणाल्या. "ऑर्डर निघाली म्हणजे निघाली. संघाचा पहिला सामना पाहिला, तो हरले. दुसरा पाहिला, तोही. तिसऱ्यास पाठ करून बसले, आणि जिंकले. संपलें मग."

"पण त्यानंतर तर हरतातच की ते!"

"तें मी सांगून पाहिलें. म्हणतात, पाहिलें असतें तर ह्याहून मोठ्यानें हरले असते." अक्कांनी सुपातली डाळ पाखडली. "मजकडेही पाहत नाहीत धड. लग्नास बेचाळीस वर्षें जाहलीं. म्हणूनच मी ठणठणीत आहें."

आम्ही दोघी खूप हसलो. पण त्यानंतर मी बघायला लागले, आणि ते खरं होतं. सार अक्कांशी बोलताना खांबाकडे बघायचे, कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, पेल्याकडे बघायचे, दारातल्या कोलमच्या रांगोळीकडे बघायचे. आवाजात कुठेही तुटकपणा नाही. अक्कांना खोकला आला तर उठून गरम पाणी आणणार, आणि ते देताना तोंड भिंतीकडे. मला ते बघून आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. इतका शिकलेला माणूस! मी एकदा तोंडावर बोललेसुद्धा. त्यावर म्हणाले, "बाई, तुमचें सर्व बरोबर. पण जोखीम कोणी घ्यावी?" कपाळ माझं!

संघावरचा राग ते सरकारी पद्धतीने वहीवर काढायचे. दर पराभवानंतर कंपनीला अर्ज. 'विषय: सात नंबरास तीन सामने घरीं बसविणेबाबत.' 'विषय: प्रशिक्षकांनीं शिट्टी कमी व मेंदू अधिक वापरणेबाबत.' तमिळमध्ये सुवाच्य अक्षरांत, खाली सही, प्रत स्वतःकडे. म्हातारे मालक ते अर्ज वाचून हसायचे आणि सारांना दिवाळीला मिठाई पाठवायचे. ते वारले आणि नातू गादीवर आला. त्याने मिठाई बंद केली. अर्जांना उत्तर द्यायला माणूस नेमला.

त्याच उत्तरात एके दिवशी बातमी आली: कंपनीचं मुख्य कार्यालय कोइमतूरला हलवत आहोत, हंगाम संपल्यावर संघही तिकडेच जाईल, आपल्या प्रेमाबद्दल आभार.

सार ते पत्र हातात घेऊन जिन्यावरून माझ्याकडे वर आले. कधी वर यायचे नाहीत. "कोइमतूर," ते म्हणाले. "तेथें ह्यांस कोण ओळखतें? तेथें ह्यांस शिव्या कोण देईल?" त्यांचा आवाज चिरकला तेव्हा मी थट्टा करायची थांबले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नातवाच्या ऑफिसात. मी का? तर बँकेची बाई बरोबर असली की खुर्ची मिळते, हा त्यांचा अनुभव. नातू वाईट नव्हता, तरुण, घाईत. म्हणाला, "सार, आजोबांच्या वेळचे तुम्ही. मला एक सांगा, हा संघ इथे ठेवण्यासारखा आहे? तुम्ही तर सगळे सामने बघता. आठ नंबर कसा खेळतो?"

सारांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. आठ नंबर डावीकडे वळण्याआधी अर्धा क्षण थांबतो, ते थांबणं ऐकू येतं. बॉल कमरेच्या खाली ठेवतो, म्हणून त्याचा ठोका भरीव येतो. दमला की बूट उचलत नाही, तेव्हा त्याला बाहेर काढायला हवं, पण तुमच्या प्रशिक्षकाला ऐकू कुठे येतं! नातू बघतच राहिला. मग त्याने टेबलावरचा संघाचा फोटो पुढे सरकवला. "यातला आठ नंबर कोणता?"

फोटोत नंबर दिसत नव्हते, सगळे हाताची घडी घालून उभे. सारांनी फोटोवरून बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि एका जाड मुलावर ठेवलं. तो डेपोतला हिशेबनीस होता, संघाचं पाणी भरणारा.

मला वाटलं, झालं, आता आपली वरात बाहेर. पण नातू हसला आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "बरं. तीन सामने राहिलेत. पहिले दोन जिंकून दाखवा. मी संघ इथेच ठेवतो. शब्द."

पहिला सामना आम्ही जिंकलो! मी ओरडून ओरडून सांगत होते, नंबर विसरून, "गेला, गेला, आत गेला!" आणि सार भिंतीवरच्या मिशीवाल्याला हात जोडत होते. घरी अक्कांनी गोड केलं. सार जेवताना म्हणाले, "आतां फक्त एक. आणि आतां जोखीम नको."

जोखीम नको, म्हणून कोहळा. दृष्ट काढायला तिकडे कोहळा फोडतात: त्याला भोक पाडून कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटायचा. फोडला की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर काढलेली दृष्ट परत आपल्याबरोबर येते. हे आपल्याकडेही आहेच. कोहळा बाजारातून मी आणला, पाच किलोचा, बसमधून, मांडीवर घेऊन. सांगायचं एवढ्यासाठी की दोष एकट्या सारांचा नाही.

दुसऱ्या सामन्याच्या संध्याकाळी, मुलं यायच्या आधी, मैदानाच्या फाटकात सारांनी कोहळा ओवाळला. पुटपुटले काहीतरी, मी कापूर सांभाळत होते. मग दोन्ही हातांनी असा आपटला की लाल पाणी माझ्या साडीवर उडालं. "चला. मागें पाहूं नका," ते म्हणाले. आम्ही ताठ मानेने आत चालत गेलो. फाटकाच्या बरोबर मध्ये, वळणावर, कोहळ्याचा गर, बिया आणि पाणी पसरलं होतं. ते बाजूला सारायला हवं, हे कोणालाही कळलं असतं. पण त्यासाठी मागे बघायला हवं होतं, आणि मागे बघायचं नव्हतं.

आम्ही खुर्ची उघडत होतो तेव्हा मागून मोटारसायकल आली, ब्रेकचा आवाज, आणि मग जोरात काहीतरी घसरत गेलं. सार भिंतीकडे तोंड करून तसेच उभे राहिले. "बाई, सांगा," ते म्हणाले. "कोण आहे?"

आठ नंबर होता. ड्यूटीवरून थेट येत होता. घोटा सुजून नारळाएवढा झाला. त्याला रिक्षात घालून नेलं, आणि सामना आम्ही दणकून हरलो. नातू पहिल्या रांगेत होता, मध्येच उठून गेला. संघ गेला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सारांनी कोणालाही शिवी दिली नाही.

तीन दिवस ते तिण्णैवर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर बसून होते. जेवण आत, बसणं बाहेर. चौथ्या दिवशी अक्कांनी केलेलं औषधी तेल घेऊन आम्ही आठ नंबरच्या घरी गेलो. सारांनी दारातच, त्याच्या आईसमोर, सगळं सांगून टाकलं: कोहळा मी फोडला, मी उचलला नाही, तुझा पाय मी मोडला, संघ मी घालवला. सांगताना बघत होते कॅलेंडरकडे.

मुलगा पाय उशीवर ठेवून बसला होता. म्हणाला, "सार, टायर जुने होते. आणि मी जोरात होतो." मग उशी सारखी करत, "सार, तुम्ही इतकी वर्षं पाठ करून बसता, आम्हाला वाटायचं तुम्हाला आमचा खेळ बघवत नाही."

सारांनी मान वळवली. कॅलेंडरवरून नजर काढली आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावर ठेवली. फार वेळ नाही. "नाही, नाही," एवढंच म्हणाले.

"शेवटच्या सामन्यात मी बाहेरच बसणार," मुलगा म्हणाला. "माझ्याशेजारी बसा. समोरून बघू. आता घालवायला राहिलंय काय?"

शेवटच्या सामन्याला लोक कमी होते. सारांनी खुर्ची उघडली, भिंतीकडे ठेवली, थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि मग ती फिरवली. लोखंडाचा सिमेंटवर जो आवाज झाला त्याने दोन-तीन आयांनी मागे बघितलं. आठ नंबर शेजारी बाकावर, पट्टी बांधलेला. मी दुसऱ्या बाजूला.

सुरुवातीला सार पार गोंधळले. "हा कोण? तो कोण? एवढे सगळे एकदम कां पळतात?" मध्येच डोळे मिटून घ्यायचे, ऐकून ओळखायचे, "हा सात," आणि उघडून खात्री करायचे. सात नंबरला बघून म्हणाले, "अय्यो, हा इतका लहान आहे? मी ह्यास घरीं बसवा म्हणून लिहिलें!" मला सांगायला काही उरलं नव्हतं. मी सुंडल खाल्लं.

आणि आम्ही जिंकलो. आठ नंबरशिवाय, कोहळ्याशिवाय, सार टक लावून बघत असताना, चांगले चौदा गुणांनी जिंकलो. मुलं एकमेकांच्या अंगावर पडली, आया रडल्या, आठ नंबर एका पायावर नाचला. मी सारांचा हात धरून हलवला, "सार, जिंकले! बघितलंत ना? तुम्ही बघत होता आणि जिंकले!"

ते उठले नाहीत. चेहरा संतापाने लाल झाला होता.

"म्हणजे माझी दृष्ट नव्हतीच," ते म्हणाले.

"नव्हतीच! मी काय सांगत होते!"

"मग इतकीं वर्षें हे हरले कां?"

मी त्यांचा हात सोडला.

"वाईट खेळत होते," सार म्हणाले. "नुसतें वाईट खेळत होते! आणि मी येथें येऊन त्या बनियनवाल्यास पाहत बसलों. त्याच्या मिशीचा प्रत्येक पोपडा मज ठाऊक आहे. आणि ह्या पोरांचीं तोंडें आज पाहतों आहें, हे उद्यां कोइमतूरास जाणार!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण पुसलं असतं तर तेवढा वेळ दिसलं नसतं. दिवे बंद होईपर्यंत ते एकेका मुलाकडे बघत बसले.

आम्ही घरी आलो. अक्का कापीचे पेले घेऊन बाहेर आल्या. "काय जाहलें? जिंकले कीं हरले?"

सारांनी पेला घेतला नाही. ते अक्कांकडे बघत होते. खांबाकडे नाही, पेल्याकडे नाही, सरळ तोंडाकडे. मला कुठे बघावं कळेना. अक्का आधी हसल्या, मग पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "असें काय पाहतां?"

सारांनी हात पुढे केला आणि अक्कांच्या डाव्या भुवईच्या वर बोट टेकवलं. "ही खूण कधींची गे?"

"ही?" अक्का म्हणाल्या. "लग्नाच्या आधींची."